१९७० च्या सी-१० पिकअपच्या दारांची व काचांची रबरे बदलायची आहेत: कामाचा क्रम कसा ठेवावा?

तिकोनी_काच (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९७० सालची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांचे काम उरकले असून आता केबिन हाती घेतली आहे. दोन्ही दारांची रबरे बहुधा मूळचीच असावीत. ती इतकी कडक झाली आहेत की नखाने दाबले तरी कपचा निघतो, आणि काही ठिकाणी ती इतकी चपटी झाली आहेत की दार बंद असतानाही बाहेरचा उजेड दिसतो. काच जिथून खाली उतरते तिथल्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे अर्धी उघडलेली काच खडबडीत रस्त्यावर खडखडते. पुढच्या तिकोनी काचांची रबरे कोपऱ्यांत फाटली आहेत.

गाडी पावसात उभी राहिली की चालकाच्या पायाखाली पाणी साचते, आणि वेग वाढला की दाराच्या वरच्या मागील कोपऱ्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. दोन्ही दारांचा पूर्ण संच मागवण्याचा विचार आहे. त्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, दाराचे मुख्य रबर, काचेचे चॅनल (काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते ते), खिडकीच्या कडेच्या पट्ट्या आणि तिकोनी काचेचे रबर यांपैकी आधी काय बसवावे? दुसरी, माझ्या गाडीत मुख्य रबर दारालाच चिकटवलेले आहे आणि त्याखाली जुन्या ॲडहेसिव्हचा जाड, ठिसूळ थर आहे. तो रंगाला धक्का न लावता कसा काढावा? तिसरी, नवे रबर बसवल्यावर दार नीट बंदच होत नाही अशी तक्रार अनेकांकडून ऐकली आहे. ती रबराच्या दर्जामुळे येते की बसवण्याच्या पद्धतीमुळे?

पत्रा_आणि_फट

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. दार बंद न होण्याची तक्रार कधी रबराच्या दर्जामुळे येते हे खरे; परंतु माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मूळ दोष दाराच्या बसण्यात असतो आणि जुने चपटे रबर तो दोष वर्षानुवर्षे झाकत आलेले असते. दार बिजागरीवर थोडे लोंबलेले असते, स्ट्रायकर (केबिनच्या खांबावरचा, दाराचे कुलूप ज्यात अडकते तो खुंटा) आत सरकवून कोणीतरी ते कसेबसे बंद होईल असे केलेले असते, आणि मग पूर्ण उंचीचे नवे रबर लावल्याबरोबर हा सगळा जुना हिशेब उघडा पडतो.

म्हणून रबर मागवण्यापूर्वी दार अर्धे उघडून त्याची मागची कड हाताने वर उचलून पाहावी. ती हलत असेल तर बिजागरीची पिन आणि बुश झिजले आहेत, आणि ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर जुने रबर आणि स्ट्रायकर दोन्ही काढून टाकावेत व दार नुसत्या बिजागरीवर केबिनच्या चौकटीत कसे बसते ते पाहावे. स्ट्रायकर जागेवर ठेवून दार जुळवले तर तो दाराला उचलून धरतो आणि आपली फसगत होते. बिजागरीचे बोल्ट सैल करून चारही बाजूंच्या फटी सारख्या कराव्यात, दाराचा पत्रा केबिनच्या पत्र्याशी समपातळीत आणावा, आणि सर्वांत शेवटी स्ट्रायकर लावावा.

आता आतली फट. बाहेरून सारखी दिसणारी फट आत, जिथे रबर दाबले जाते तिथे, सारखी असेलच असे नाही. यासाठी मुलांच्या खेळण्यातील क्ले उत्तम उपयोगी पडते. तिच्या छोट्या गोळ्या प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून दाराच्या कडेवर वर, खाली, पुढे, मागे अशा आठ-दहा ठिकाणी ठेवाव्यात, दार कुलूप लागेपर्यंत हळू बंद करावे, उघडावे, आणि प्रत्येक गोळीची उरलेली जाडी मोजून ती जागा चिकटपट्टीवर लिहून ठेवावी. समजा खालच्या कडेला जाडी ८ मिमी आली आणि वरच्या मागील कोपऱ्यात १४ मिमी, तर आपल्या शिट्टीचे कारण तिथेच सापडले असे समजावे. एकाच उंचीचे रबर या दोन्ही जागा नीट भरू शकणार नाही. खाली ते इतके दाबले जाईल की दार ढकलावे लागेल आणि वर ते केबिनला जेमतेम टेकेल. या काळातील पिकअपच्या दारांच्या वरच्या चौकटी पातळ असतात आणि वर्षानुवर्षे चौकटीला धरून दार ओढल्यामुळे त्या बाहेर झुकतात. चौकट किंचित आत घेता येते, पण ते काम काच काढलेली असताना, लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन आणि थोडे थोडे करूनच करावे.

जुने रबर फेकू नये. ते जिथे सर्वांत कमी दाबले गेले असेल तिथला एक तुकडा आडवा कापून त्याचा छेद नव्या रबराच्या छेदाशी ताडून पाहावा. पोकळ भागाची उंची, चिकटवण्याच्या पायाची रुंदी आणि दाबल्यावर जाणवणारा मऊपणा या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नव्या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. जुन्या रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतील ओझोन त्यांवर हल्ला करतो आणि ताणलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्यामुळे ते ऊन व ओझोन यांना कितीतरी अधिक काळ तोंड देते. मात्र खनिज तेल, ग्रीस आणि पेट्रोल यांच्या संपर्कात ते फुगते व मऊ पडते, हे लक्षात ठेवावे.

क्रमाविषयी माझे मत असे की काचेची सर्व कामे आधी आणि दाराचे मुख्य रबर सर्वांत शेवटी. काच, रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) आणि तिकोनी काचेची चौकट आत-बाहेर करताना नव्या रबरावर हत्यारे घासतात. शिवाय काच बसवल्यावर दाराचे वजन वाढून ते पुन्हा थोडे खाली येऊ शकते आणि तेव्हा जुळणी परत तपासावी लागते.

जुना ॲडहेसिव्ह काढण्यासाठी लोखंडी पाते वापरू नये. प्लास्टिकच्या स्क्रेपरने सुटेल तेवढा थर काढावा, मग ॲडहेसिव्ह काढण्याच्या द्रावणात भिजवलेले फडके थोडा वेळ त्यावर ठेवावे आणि मऊ झालेला थर पुन्हा खरवडावा. द्रावण रंगावर चालते की नाही, हे आधी न दिसणाऱ्या जागी पाहावे. हीट गनने हलके गरम केले तर काम लवकर होते. थराखाली गंज निघाला, आणि खालच्या कडेला तो बहुधा निघतोच, तर तो स्वच्छ पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर व रंग द्यावा आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. ओल्या रंगावर रबर चिकटवले तर रंगातील द्रावक अडकतो आणि काही दिवसांनी रबर रंगासकट सुटून येते.

सावकाश_चालवा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यातील हीट गनच्या वाक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आतच, आसनाच्या पाठीमागे असते. १९७३ पासून नवी बांधणी आली तेव्हा ती केबिनच्या बाहेर गेली. म्हणून नंतरच्या गाड्यांवर काम केलेल्या माणसाच्या हे चटकन ध्यानात येत नाही. टाकी जागेवर असताना केबिनच्या दारात हीट गन चालवणे आणि शेजारी ज्वलनशील द्रावणाचे फडके ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र होऊ देऊ नयेत. एकतर टाकी रिकामी करून बाहेर काढावी, नाहीतर दार बिजागरीसकट उतरवून लांब नेऊन काम करावे. दार उतरवण्याचे कष्ट वाचवायचे असतील तर केवळ द्रावण आणि संयम वापरावा, दोन्ही दारे उघडी ठेवावीत आणि बॅटरीची तार सोडवून ठेवावी.

टाकीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक रबर तपासून घ्यावे. टाकीत पेट्रोल भरण्याची नळी केबिनच्या पत्र्यातून बाहेर येते आणि तिथे एक ग्रॉमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारे रबरी कडे, असतो. संच मागवताना तो सहसा यादीत नसतो. तो फाटला असेल तर पाणी आत येते आणि टाकी भरताना सांडलेल्या पेट्रोलचा वासही आत येतो. दारांची रबरे बदलून केबिन घट्ट बंद झाल्यावर हा वास अधिकच जाणवू लागतो, म्हणून तो ग्रॉमेट याच वेळी बदलावा.

आता पायाखालच्या पाण्याविषयी. आपण ते दाराच्या रबराच्या माथी मारत आहात, पण मला तशी खात्री वाटत नाही. या गाड्यांत पुढच्या काचेसमोरच्या जाळीतून ताजी हवा आत येते आणि पायांजवळच्या बाजूच्या पॅनलमधील झडपांतून केबिनमध्ये सोडली जाते. त्या जाळीखालच्या पोकळीत पाने व माती साचली की पाणी निथळण्याची वाट बुजते आणि ते झडपेच्या झिजलेल्या सीलमधून थेट पायाखाली उतरते. पुढच्या काचेच्या गॅसकेटमधून झिरपलेले पाणीही डॅशबोर्डच्या मागून खाली येऊन तिथेच पोहोचते. रबरांवर खर्च करण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे: आतले मॅटिंग काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळीतून अगदी मंद धार सोडावी, आणि धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही.

तिकोनी_काच

दोघांचेही आभार. टाकीविषयीचा इशारा महत्त्वाचा आहे. दारे उतरवूनच काम करीन. पाण्याची चाचणी आजच घेतली. मंद धार दारावर खालून वर नेली तेव्हा आत काही आले नाही, खिडकीच्या कडेवर धरली तेव्हा मात्र दाराच्या आतल्या पॅनलच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकू लागले. जाळीवर पाणी सोडल्यावर चालकाच्या बाजूच्या झडपेतूनही एक बारीक ओघळ आला. म्हणजे वाटा दोन आहेत. झडपेचे काम मी समजू शकतो, पण खिडकीच्या पट्ट्या नव्या लावल्या की पॅनलमधून येणारे पाणी थांबेल का? शिवाय तिकोनी काचेची चौकट काढल्याशिवाय पुढचे चॅनल बदलता येते का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

काचकाम

पहिल्या शंकेचे उत्तर असे की खिडकीच्या पट्ट्या पाणी पूर्ण थांबवण्यासाठी नसतातच. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याचा काही भाग दाराच्या पोकळीत जाणार हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते; ते पाणी दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी योजना असते. आपल्या दारात पाणी पॅनलमधून बाहेर येते याचा अर्थ पॅनलमागचे जलरोधक आवरण नाहीसे झाले आहे. पूर्वी कोणीतरी रेग्युलेटर दुरुस्त करताना ते फाडून टाकले असावे. जाड प्लास्टिकचे नवे आवरण कापून दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइल टेपने (मऊ, चिकट रबरी टेप) लावावे आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोकळीत सोडावी, म्हणजे त्यावरून उतरणारे पाणी केबिनकडे न येता दारातच पडेल. तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत, आणि मुख्य रबर चिकटवताना ती त्याखाली झाकली जाणार नाहीत याकडे बारीक लक्ष द्यावे. बुजलेल्या छिद्रांमुळे दाराचा तळ आतून सडतो आणि बाहेर रंगाचे फोड दिसतात तोवर फार उशीर झालेला असतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर: तिकोनी काचेची चौकट काढावीच लागते, आणि ते बरेच आहे. तिकोनी काच आणि मोठी काच यांच्यामध्ये जो उभा खांब असतो, त्याच्याच आत मोठ्या काचेचे पुढचे चॅनल असते. काच पूर्ण खाली उतरवून खांबाचे खालचे स्क्रू आणि दाराच्या पुढच्या कडेचे स्क्रू सोडवावेत, म्हणजे चौकट मागे झुकवून वर काढता येते. स्क्रू गंजलेले असतात. आदल्या दिवशी त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि पेचकसाचे टोक खाचेत पूर्ण बसते याची खात्री करूनच जोर लावावा.

चौकट टेबलावर आली की तिकोनी काच तिच्या चौकटीतून सोडवायची असते. वरची खुंटी बऱ्याच गाड्यांत रिव्हेटने धरलेली असते, तो रिव्हेट ड्रिलने काढून नंतर नवा लावावा लागतो. खालच्या दांड्यावर स्प्रिंग आणि नट असतो. काच उघडल्यावर वाऱ्याने आपोआप बंद होऊ नये एवढा घट्टपणा त्याच नटाने येतो, म्हणून काढण्यापूर्वी नटाची जागा खुणेने नोंदवावी. नवे रबर साबणाच्या पाण्यात ओले करून कोपऱ्यांपासून बसवावे. कोपरे साच्यात घडवलेले असतात आणि ते सरकवून जुळवता येत नाहीत. आधी कोपरे नेमके बसवून मग सरळ बाजू दाबत आणाव्यात. नवे रबर घट्ट असताना तिकोनी काच बंद करताना नुसता खटका ओढू नये. काचेला तिच्या मागच्या कडेजवळ तळहाताने दाबून आधी जागेवर आणावे आणि मग खटका फिरवावा, कारण खटक्यावर जोर दिला तर एकतर खटका तुटतो किंवा काच.

मोठ्या काचेच्या चॅनलमध्ये लोखंडी गाभा आणि आत मखमलीसारखे अस्तर असते. ते वाकवण्यापूर्वी जुन्या चॅनलच्या शेजारी ठेवून वळणाची जागा खुणावावी. एकदा चुकीच्या जागी वळले की सुरकुती कायमची राहते. त्यात काच वर-खाली करून पाहावी आणि ती एका बाजूला अडकत असेल तर खांबाचे स्क्रू किंचित सैल करून खांब पुढे-मागे करावा. खिडकीच्या आतल्या व बाहेरच्या पट्ट्या दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात. एकच बदलली तर नवी पट्टी काचेला जुन्या पट्टीकडे ढकलते, आणि खडखडाट कमी होण्याऐवजी काच तिरकी चालू लागते. पट्टीच्या क्लिपा दारात बसवण्यापूर्वी त्यांच्या छिद्रांच्या कडांना रंगाचा हात द्यावा, गंज तिथूनच सुरू होतो.

काच काढलेली असतानाच रेग्युलेटरच्या रोलर आणि दातेरी चक्रांना ग्रीस द्यावे, मात्र ते चॅनलच्या अस्तराला लागू देऊ नये. अस्तरासाठी कोरडे सिलिकोन चालते.

जुना_पान्हा

मुख्य रबर प्रत्यक्ष चिकटवण्याविषयी अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. आधी रबर ॲडहेसिव्ह न लावता पूर्ण दारावर मास्किंग टेपने बसवून पाहावे. डावे-उजवे ओळखावे, घडवलेले कोपरे कुठे येतात ते पाहावे आणि पेन्सिलने खुणा कराव्यात. सांधा दाराच्या खालच्या कडेला आणावा. चिकटवताना रबर ताणू नये, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. ताणलेले रबर त्या दिवशी सुंदर दिसते, पण पुढे ते मूळ लांबीवर येऊ पाहते, कोपऱ्यांत पत्र्यापासून सुटते आणि सांध्याला बोटभर फट पडते. उलट टोकापाशी थोडी लांबी अधिक ठेवून ती दाबून बसवावी.

ॲडहेसिव्ह काँटॅक्ट प्रकारचा घ्यावा. पिवळा अधिक पकडतो असे काही जण म्हणतात. मी काळाच वापरतो, कारण तो कडेला थोडा दिसला तरी खटकत नाही. रबराच्या पायावर आणि पत्र्यावर दोन्हीकडे अगदी पातळ थर द्यावा व बोटाला चिकटतो पण तार येत नाही अशी स्थिती येईपर्यंत थांबावे. एका वेळी हातभर लांबीच घ्यावी, कारण संपूर्ण दाराला एकदम लावले तर शेवटच्या बाजूला पोहोचेपर्यंत थर सुकून जातो. आधी रबराच्या पायावर मोल्ड रिलीजचा (रबर साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या द्रव्याचा) तेलकट अंश असतो तो अल्कोहोलने पुसावा. नवे रबर सुटून येण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. चिकटवलेला भाग टेपने धरून रात्रभर ठेवावा आणि दार तोपर्यंत बंद करू नये.

दुसऱ्या दिवशी दार बंद होण्यास जड जाईल. तेव्हा लगेच स्ट्रायकर बाहेर सरकवू नये. आधी एक काच खाली करून दार लावून पाहावे. ते सहज लागले तर अडथळा रबराचा नसून केबिनमध्ये कोंडलेल्या हवेचा आहे, आणि खरे तर ती केबिन घट्ट झाल्याची खूण आहे. काच खाली असूनही जड असेल तर पोकळ रबराला हवा जाण्याची बारीक छिद्रे आहेत का ते पाहावे. ती ॲडहेसिव्हने बुजली तर रबर फुग्यासारखे प्रतिकार करते. त्यानंतर रबरावर खडूची पूड लावून दार बंद करावे व केबिनवर उमटलेली रेघ पाहावी. रेघ जिथे रुंद आहे तिथे दाब जास्त आहे, जिथे तुटली आहे तिथे रबर पोहोचतच नाही. रेघ सलग असेल आणि दार नुसतेच जड असेल तर दार पूर्ण लॉक करून काही आठवडे द्यावेत. पोकळ रबर दाबाखाली हळूहळू जागा घेते, उन्हात उभी असलेली गाडी त्यासाठी अधिक चांगली. त्याच काळात स्ट्रायकर हलवला तर रबर बसल्यावर दार खिळखिळे वाटू लागते.

तिकोनी_काच

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आता क्रम असा ठरवला आहे: जाळीखालची पोकळी व झडपांची सील, मग बिजागऱ्या आणि क्लेची चाचणी, मग दारे उतरवून ॲडहेसिव्ह व गंज काढणे, काचेचे सर्व काम, आवरण, पुन्हा जुळणी, आणि शेवटी मुख्य रबर. एकच शंका उरली आहे. दारांच्या आतल्या कडांना रंग द्यायचाच आहे, तर नव्या रबराला सिलिकोन कधी लावावे?

पत्रा_आणि_फट

रंगाचे काम पूर्ण होऊन वाळेपर्यंत सिलिकोनचा डबा त्या जागेच्या जवळपासही उघडू नये. हवेतून उडालेला त्याचा अंश पत्र्यावर बसला तरी नव्या रंगात गोल खळगे पडतात आणि ते नुसत्या घासण्याने जात नाहीत. काचेच्या चॅनलचे कोरडे सिलिकोनही त्यामुळे रंगानंतरच वापरावे. दारांच्या कडांचा रंग ॲडहेसिव्ह व गंज काढल्यानंतर लगेच, काचेच्या कामाच्या आधी द्यावा, म्हणजे हा पेच येणारच नाही. मुख्य रबरावर सिलिकोन फडक्याने पुसून लावावे, फवारू नये. सावकाश_चालवा यांचे हीट गनविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. टाकी आत असताना ती वापरू नये.